फ्रेंच घराचा वास्तुपुरुष

आम्ही घेतलेलं घर पुढून फ्रेंच होतं आणि मागून कसलंच नव्हतं. पुढे पाटीच्या दगडाचं उंच उतरतं छप्पर, डाव्या कोपऱ्यात गोल बुरूज, बुरुजात वळत जाणारा जिना, दोन झडपांच्या उंच खिडक्या. मागे गेलं की सपाट विटांची भिंत, आमच्या नागपूरच्या म्युनिसिपल शाळेला असते तशी. नेपरव्हिलच्या जुन्या भागात, शिकागोला जाणाऱ्या गाडीच्या स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ते उभं होतं. गावातले लोक त्याला मॅनर म्हणत, म्हणजे जमीनदाराचं खेड्यातलं घर. आमच्या मराठी मंडळींनी पहिल्याच दिवाळीत त्याचं नाव 'गढी' ठेवलं आणि आम्ही गढीवाले झालो.

होतं, होतं असंच लिहावं लागतंय, कारण आता ते नाही. माझ्या नवऱ्याने एका म्हाताऱ्या बाईला शब्द दिला होता की आम्ही हे घर कुणाला पाडू देणार नाही. त्या शब्दाचं काय झालं ते मला कुणी विचारत नाही. विचारावं असं मात्र मला फार वाटतं.

आम्ही अमेरिकेत आलो २००१ मध्ये. तो पुण्याचा, मी नागपूरची. म्हणजे घरात बोलण्याची हौस मला आणि बरोबर असण्याची हौस त्याला. कामाचा व्हिसा त्याच्या नावावर आणि मी व मागून जे काही येईल ते त्याच्या शेपटाला बांधलेलं. मुलगी इथेच झाली, त्यामुळे आमच्या तिघांत अमेरिकन काय ती ती एकटी. पहिली दोन वर्षं अपार्टमेंटमध्ये काढली. घर घ्यायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी घेतली तशी नवी, दोन गाड्यांच्या गॅरेजची, एकाला झाकून दुसरं काढावं अशी घरं मला चालली असती. त्याला नाही चालली. रविवारी फिरायला निघालो असताना त्याला बुरूज दिसला, बुरुजासमोर विक्रीची पाटी दिसली आणि माझा रविवार संपला.

घराची मालकीण एकटी राहणारी विधवा बाई होती. आयुष्यभर पियानो शिकवलेली, ताठ मानेची, ऐंशीच्या घरातली. घर बघायला येणाऱ्यांची ती स्वतःच मुलाखत घेई. आमच्या आधी आलेले बहुतेक लोक टेप घेऊन अंगण मोजत होते, घराकडे बघतही नव्हते. त्या काळी तिकडे तसंच चाललं होतं. जुनं घर घ्यायचं, पाडायचं आणि त्या जागेवर जेमतेम कुंपण सोडून चौपट मोठं बांधायचं. माझ्या नवऱ्याने घराला एक चक्कर मारली आणि बाईला विचारलं की मागची बाजू अशी का आहे. बाईने आम्हाला बसायला सांगितलं. इतक्या लोकांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता म्हणे.

घर बांधलं एका वीटभट्टीच्या मालकाने. त्याने फ्रान्सहून बायको करून आणली होती आणि तिला इथे करमेना. तिच्याजवळ वडिलांच्या घराचा एक फोटो होता. भट्टीवाल्याने तो फोटो गवंड्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, असं बांधा. फोटोत घराची फक्त पुढची बाजू होती. मागे काय असतं ते गवंड्यांनी बायकोला विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही. भिंती चढल्या, छप्पर चढलं, ती त्या घरात काही वर्षं राहिली आणि मग माहेरी म्हणून गेली ती परत आलीच नाही. तो मात्र मरेपर्यंत एकटा तिथे राहिला. तिच्यासाठी लावलेले गुलाब तो स्वतः छाटायचा, असं ह्या बाईने गावातल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं.

त्याच्यामागून ते घर नन्सकडे गेलं. थकलेल्या, म्हाताऱ्या नन्सनी तिथे विश्रांतीला राहायचं. त्यांनी जेवणघराचं प्रार्थनाघर केलं, आणि दाराजवळच्या भिंतीत पवित्र पाण्याचं भांडं ठेवायला छोटा कोनाडा खोदला. त्या संपत आल्या तेव्हा घर ह्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने घेतलं. चाळीसहून जास्त वर्षं ती तिथे राहिली, तिथेच तिचा नवरा गेला. आता जिना चढवत नव्हता.

हे सगळं ऐकताना माझ्या नवऱ्याचा चेहरा मी बघत होते. आमचं लग्न ठरलं तेव्हाही तो इतका खूश दिसला नव्हता.

निघताना बाईने त्याचा हात धरला आणि विचारलं, "तू हे पाडणार नाहीस ना? आणि पाडणाऱ्याला विकणार नाहीस ना?"

तो म्हणाला, "नाही. मी आहे तोवर नाही."

बिल्डर जास्त देत होते तरी तिने घर आम्हाला दिलं. ती गावातच वृद्धांच्या निवासात राहायला गेली. दर वसंतात तिला आणून अंगणात बसवायचं काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं. तो तिला आजी म्हणायचा. शब्दाचा अर्थ कळल्यावर तिने आपल्या दाराच्या पाटीवर नावाखाली तो चिकटवून घेतला.

वास्तुशांत केल्याशिवाय मी राहायला जाणार नाही, असं मी सांगून टाकलं होतं. इकडे गुरुजी म्हणजे शुक्रवारपर्यंत कुठल्याशा बँकेची कॉम्प्युटरं सांभाळणारा माणूस, शनिवारी सोवळं नेसून येणारा. पण मंत्र खणखणीत म्हणायचा. होमाच्या आधी त्याने स्वतः शिडीवर चढून धुराचे अलार्म उतरवले. वास्तुपुरुषाची तांब्याची प्रतिमा माझ्या आईने नागपूरहून पाठवली होती, बोटभर लांबीची. ती धान्य आणि पंचरत्नांसकट डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. घराखाली तळघर, त्यावर लाकडाची जमीन. पुरायचं कुठे? शेवटी घराच्या बाहेर, आग्नेय कोपऱ्यातल्या भिंतीलगत खड्डा खणायचं ठरलं. म्हणजे नेमकं मागच्या बाजूला, जी कुणाच्या फोटोत नव्हती.

डबी खड्ड्यात ठेवायच्या आधी माझा पुणेकर आत गेला आणि फ्रीझरमध्ये वापरतात ती झिपची प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. डबी त्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. गुरुजी म्हणाले असं शास्त्रात नाही. हा म्हणाला, "शास्त्र लिहिणाऱ्यांनी इथला स्नो बघितला नव्हता, गुरुजी." मी हसले, गुरुजीही हसले आणि पिशवीसकट वास्तुपुरुष जमिनीत गेला. नन्सच्या कोनाड्यात गणपती बसला. तो त्याच्याच मापाने खोदल्यासारखा बसला.

तेव्हापासून सणावाराला मी त्या कोपऱ्यात नैवेद्य ठेवत असे आणि खारी तो खाऊन जात. मुलीला कळायला लागल्यावर माझ्या आईने मला सांगितलं होतं तसंच मी तिला सांगितलं, की घरात नेहमी चांगलं बोलावं. आपण जे बोलू त्याला वास्तू तथास्तु म्हणत असते. कधी म्हणेल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाही. मुलीने विचारलं, "बट आई, हाऊस इज फ्रेंच. विल इट अंडरस्टँड?" नवऱ्याने तिला समजावलं की घर फ्रेंच असलं तरी खाली झोपलेला माणूस आपला आहे. मराठीत बोललं की त्याला लगेच कळतं. ह्या युक्तीने तिच्याकडून चार मराठी वाक्यं वदवून घेता येत. पाव भाजी हवी, सुट्टी हवी, कुत्रा हवा. पाव भाजी तेवढी मिळायची.

छप्पर गळायचं, खिडक्यांतून थंडी यायची, आणि तो प्रत्येक रविवारी काहीतरी दुरुस्त करत असायचा. मी कुरकुर करायचे. पण खरं सांगायचं तर त्या बुरुजात जिन्यावर बसून बर्फ पडताना बघण्यात जे सुख होतं ते मला पुढेमागे कुठे मिळालं नाही. आम्ही तिथे सुखात होतो. हे एवढं साधं वाक्य लिहायलाही मला त्रास होतो.

२००६ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या क्युपर्टिनोत राहणाऱ्या त्याच्या एका मित्राने त्याला नोकरीसाठी बोलावलं. काम चांगलं, कंपनी ग्रीन कार्डाचे कागद लगेच सुरू करणार, आणि इथे त्याच्या कंपनीत ते नुसते रखडले होते. शिवाय तिकडे थंडी नाही. मित्र महिनाभर फोन करत होता. मला जायचं होतं, आणि मी ते बोललेही. जेवणाच्या टेबलाशी, म्हणजे पूर्वीच्या प्रार्थनाघरात, शेवटचा फोन आला तेव्हा नवरा मित्राला हसत म्हणाला, "नाही यार, जमणार नाही. मी एकीला प्रॉमिस केलंय. आता ह्या घरातून मी हलत नाही."

गणपती समोर होता. भिंतीपलीकडे तोच आग्नेय कोपरा होता.

डिसेंबर २००७ मध्ये पहिला मोठा स्नो झाला. तो सकाळी ड्राइव्हवे साफ करायला बाहेर गेला. मी आत पोहे करत होते. फावड्याचा खरखर आवाज येत होता तो थांबला, आणि मला वाटलं झालं वाटतं, म्हणून मी चहा गाळला. चहा गाळून बाहेर बघितलं तर तो बुरुजाच्या पायथ्याशी बसल्यासारखा पडला होता. अँब्युलन्सवाल्यांनी खूप केलं. तो एकेचाळीस वर्षांचा होता.

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मंडळींनी डबे आणले, क्युपर्टिनोचा मित्र विमानाने येऊन राहिला, शेजारच्या गोऱ्या काकांनी न सांगता ड्राइव्हवे साफ केला. त्या फावड्याच्या आवाजाने मी दोन्ही कान दाबून घेतले ते आठवतं.

मग वकिलाने समजावून सांगितलं. मी इथे होते ती त्याच्या व्हिसावर. तो नाही म्हणजे माझं इथे असणंही नाही. धावपळ करून थोडी मुदत मिळाली, घर आवरून निघण्यापुरती. मुलगी अमेरिकन होती, तिला कोणी जा म्हणणार नव्हतं. सहा वर्षांची पोर राहू शकत होती आणि तिच्या आईने निघायचं होतं. वकील चांगला माणूस होता, हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी ठरवलं की घर राहणाऱ्याला विकायचं. एवढं तरी मी करणार होते. एजंट बाईला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की पाडणारा नको. तिने मान डोलावली आणि प्रयत्नही केला. पण त्या हिवाळ्यात घरं घ्यायला कुणी पुढे येतच नव्हतं. सगळीकडे पाट्या लागलेल्या आणि पाट्यांवर बर्फ. एक तरुण जोडपं येऊन बुरुजात फोटो काढून गेलं. एक डॉक्टर आले, गळक्या छपराखाली ठेवलेली बादली बघून परत गेले. मुदत संपत आली आणि उरला एकटा बिल्डर. तो सभ्य होता, माझ्या नवऱ्याबद्दल ऐकून त्याला वाईट वाटलं होतं, आणि त्याच्याकडे नव्या घराचा नकाशा तयार होता. मी त्याला विचारलं की निदान बुरूज ठेवता येईल का. तो म्हणाला, नाही. मी सही केली.

आजींना सांगायला मी एकटी गेले. सांगणं माझ्यावर होतं. ते त्याच्यावर असायला हवं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा विलक्षण राग आला. शब्द देऊन हा निघून गेला आणि मोडायला मला ठेवलं.

मी सांगून संपवलं तेव्हा आजी म्हणाल्या की नन्सनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, प्रार्थनाघर तसंच ठेवायचं. आजींनी स्वतः पहिल्याच महिन्यात तिथे पियानो लावला, कारण दुसऱ्या कुठल्या खोलीत तो मावत नव्हता. आणि नन्सनी भट्टीवाल्याला, तो मरणाला टेकला असताना, सांगितलं होतं की तुझ्या बायकोचे गुलाब आम्ही सांभाळू. गुलाब काढून त्यांनी कोबी लावला. म्हाताऱ्या बायकांना खायला हवं होतं.

"त्या घरात असं कबूल सगळेच करतात," त्या म्हणाल्या. "पाळता येत नाही हे मला माहीत होतं. मला फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं."

त्यांनी मला मोकळं करायला ते सांगितलं, हे मला कळत होतं. पण मी मोकळी झाले नाही. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. त्यांना फक्त ऐकायचं होतं, आणि त्याने ते खरं धरलं. ते खरं धरून तो क्युपर्टिनोला गेला नाही, जिथे बर्फ पडत नाही. म्हाताऱ्या बाईवर ओरडावं असं वाटलं. त्याऐवजी मी त्यांच्या पायांवरची शाल नीट केली आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या रडत होत्या. मीही मग रडले.

राहिला होता वास्तुपुरुष. घर पाडणार म्हटल्यावर त्याला बुलडोझरखाली ठेवून जायला माझं मन होईना. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, काढून घ्या, वाहत्या पाण्यात सोडा. मंत्र त्यांनी फोनवर म्हटले. पण फेब्रुवारीचा शेवट होता आणि जमीन दगडासारखी गोठलेली. कुदळ मारली की टणकन उडायची. निघायच्या दिवशी सकाळी मुलगी शेजारच्या काकांकडे नाश्त्याला गेली असताना मी गॅसवर पाणी उकळत ठेवलं, मराठी मंडळातल्या एका काकूंना द्यायचं म्हणून मागे राहिलेल्या मोठ्या पातेल्यात. उकळतं पाणी नेऊन कोपऱ्यात ओतायचं, वरची माती जरा सैल झाली की उकरायची, की पुन्हा आत. वाफेत आणि चिखलात मी तशी किती वेळ होते कोण जाणे. त्या विटांच्या बोडक्या भिंतीपाशी बसून मी नवऱ्याला मोठमोठ्याने बोल लावत होते. तिकडून कुणी बघत नव्हतं.

मग प्लास्टिक दिसलं. पिशवीत पिशवी, तिच्यात डबी. चार वर्षं बर्फ आणि पाऊस वरून जाऊन आत थेंब गेला नव्हता. धान्य जसं घातलं तसं होतं, गहू गव्हाच्या रंगाचा. दोन्ही झिपा त्याने नीट शेवटपर्यंत दाबून बसवल्या होत्या. इतकी काळजी घ्यायचा तो प्रत्येक गोष्टीची. स्वतःच्या छातीत काही होत असेल तर ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

नदी गोठलेली होती. वाहतं पाणी कुठलं? मी डबी टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवली, खड्डा बुजवला आणि हात धुतले.

क्युपर्टिनोचा मित्र आम्हाला विमानतळावर सोडायला पुन्हा आला होता, तो गाडी घेऊन आला. सामान चढलं. मुलगी कुठे दिसेना म्हणून मी आत गेले. रिकाम्या घरात तिच्या बुटांचा आवाज येत होता. ती जेवणघरात, गणपती नसलेल्या कोनाड्यासमोर उभी होती. मी दारात आले ते तिला कळलं नाही. तिने आधी इंग्रजीत काहीतरी पुटपुटून पाहिलं. मग थांबली, आणि बाबाने शिकवलं होतं तसं, त्या खालच्या माणसाला कळावं म्हणून, एकेक शब्द नीट लावत मराठीत मोठ्याने म्हणाली,

"बाबा परत येऊ दे."

रिकाम्या खोलीत तिचाच आवाज घुमला आणि विरला. ती मान वाकडी करून ऐकत राहिली. डबी ठेवलेली बॅग माझ्या खांद्याला होती.

मी म्हटलं, "तथास्तु."

ती वळली आणि म्हणाली, "आई, तू नाही. त्याने म्हणायचं असतं."